किल्पेकच्या वळचणीची मंडळी

"काय हो काकू, इंग्लंडहून आलात तेव्हापासून लेकीच्या ओव्हनचंच कौतुक चाललंय. बघितलंत काय ते सांगा की!"

"ये, अशी कुंपणाजवळ ये. आमचे हे ओसरीवर पेपर वाचताहेत, त्यांच्या कानावर नको. लेक हेरफर्डला राहते ना, तिथून नैर्ऋत्येला, वेल्सच्या सीमेलगत किल्पेक म्हणून खेडं आहे. थोडीशी घरं, पडक्या किल्ल्याची टेकडी आणि शेजारी चर्च. साधारण 1140चं. ह्यू नावाचा नॉर्मन सरदार तिथला मालक, त्याच्या काळातलं."

"मग मोठं असेल!"

"कसलं मोठं! लोकांनी बसायची जागा, तिच्यापुढे पाद्र्याची, आणि शेवटी अर्धगोल गाभारा. तिन्ही एका रांगेत, संपलं. उंच मनोरासुद्धा नाही. जावईबापू तडक आत निघाले, मी मात्र बाहेरच अडकले. छपराखाली भिंतीतून आधाराचे दगड पुढे आलेत ना, त्या प्रत्येकावर कुणी ना कुणी कोरलेलं! आजही 85 शिल्लक आहेत. मेंढा आहे, डुक्कर आहे, वाजंत्री आहे. कुत्रा आणि ससा तर असे गळ्यात गळा घालून बसलेत की परवाच्या कार्टूनमधले वाटावेत. आणि एक बाई आहे…"

"कोण बाई?"

"हळू बोल! दोन्ही हातांनी, जे झाकायचं तेच उघडून दाखवतेय. वर डोळे हे एवढे मोठाले."

"अगं बाई! देवाच्या दारात?"

"खजुराहोला सहलीला गेलीस तेव्हा हात जोडूनच फिरलीस ना? आयर्लंडातही अशा पुष्कळ बायका आहेत म्हणे, चर्चवर आणि गढ्यांवर. कुणी म्हणतं, लोकांनी वासनेपासून सावध राहावं म्हणून कोरली. कुणी म्हणतं, मूलबाळ व्हावं म्हणून. कुणी म्हणतं, दृष्ट लागू नये म्हणून. मला विचारशील तर दृष्टीचंच खरं. एवढं सुंदर काम झाल्यावर कुणालाही धास्ती वाटेल."

"कोरलं कुणी पण?"

"नावं कुठे ठेवतात गं कारागिरांची! अभ्यासक त्यांना हेरफर्डशरचं घराणं म्हणतात. अर्डिस्ली गावातलं बाप्तिस्म्याचं दगडी पात्र त्याच घराण्याचं. दक्षिणेचा दरवाजा बघायला हवा होतास. कमानीखाली जीवनवृक्ष, खांबावर वेलीत गुरफटलेले विजारवाले शिपाई, कडेनं शेपूट गिळणारे साप. तांबडा वालुकाश्म, पण कडा अजून ताज्या. 1840च्या दशकात कॉटिंगहॅम नावाच्या वास्तुकारानं डागडुजी केली, पण नक्षी जुन्या हातांचीच."

"आणि आत?"

"आत संत आहेत. कमानीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन, एकमेकांच्या डोक्यावर उभे. चांगलेच आहेत, पण गंभीर. बाहेरची मंडळी जास्त बोलकी. तुझा भाचा तिकडे शिकायला चाललाय ना? त्याला सांग, आत शिरायच्या आधी बाहेरून एक प्रदक्षिणा घाल, मान वर करून. दुर्बीण असली तर उत्तम. ती बाई गाभाऱ्याच्या भिंतीवर आहे. पण पत्ता मी दिला म्हणून सांगू नकोस."