नडगीला न विचारता

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन होते आणि सोमवारी सकाळी पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये हा माणूस जन्माला येतो. जन्मतःच वय साधारण 43, वजन 80 किलो. शनिवारपर्यंत तो पहिल्या मजल्यावर जायलासुद्धा लिफ्टची वाट बघत उभा असे. पण रविवारी दुपारी बी विंगमधल्या कुणीतरी गळ्यात मेडल घातलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ‘परतीचा पेडर रोडचा चढ न थांबता’ असंही खाली लिहिलं. आपल्या माणसाने फोटो मोठा करून त्या गृहस्थाचं पोट नीट पाहून घेतलं. हा जर धावू शकतो, तर...

मुंबईतच सहा किलोमीटरच्या आसपासची ड्रीम रनही असते, पण तिचं नाव याच्यापुढे काढू नये. ती बायकामुलांसाठी, असं त्याचं मत आहे. त्याच्या बायकोला हे मत अजून कळलेलं नाही.

आधी खरेदी. दुकानातला मुलगा विचारतो, “सर, किती धावता?” हा म्हणतो, “मॅरेथॉन.” हे उत्तर भविष्यकाळातलं आहे, हे त्या मुलाला सांगायची गरज वाटत नाही. 2019 साली व्हिएन्नात किपचोगे या धावपटूने 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत 42.195 किलोमीटर काढले, तेव्हा त्याच्या बुटात कार्बनची पट्टी होती. हे याने एका व्हिडिओत पाहिलं, म्हणून यालाही ती हवी. किपचोगे आठवड्यातलं बरंचसं धावणं अगदी सावकाश करतो, ही माहितीही त्याच व्हिडिओत पुढे होती, पण तोवर याने व्हिडिओ बंद करून कार्ड पुढे केलेलं असतं. मग घड्याळ. रात्री झोप कशी लागली हे आता घड्याळ सांगतं. इतकी वर्षं बायको ते फुकट सांगत होती.

मोबाइलवर नवशिक्यांसाठीचं ॲपही येतं. आठवड्यातून तीन दिवस, नऊ आठवडे, पाच किलोमीटरपर्यंत. पहिल्या आठवड्यात 60 सेकंद पळायचं, 90 सेकंद चालायचं. हे वाचून त्याला अपमान झाल्यासारखं वाटतं. “साठ सेकंद? मी शाळेत कबड्डी खेळायचो!” तो थेट सहाव्या आठवड्यावर बोट ठेवतो.

तळजाईवर पहिल्या पहाटे तो पहिले 200 मीटर आयुष्यातल्या सर्वोत्तम वेगात काढतो, कारण समोरून ओळखीचे लोक येत असतात. मग बुटाची लेस सुटते. त्या दिवशी ती अकरा वेळा सुटते. चालताना कुणी पाहिलं तर मेल्याहून मेल्यासारखं, पण लेस कुणाचीही सुटू शकते. सत्तरीतले एक काका शेजारच्या काकांशी पेन्शनच्या थकबाकीबद्दल बोलत बोलत त्याच्या बाजूने पळत पुढे जातात. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाहीतर वेग जास्त आहे, असा जुना आणि फुकटचा ठोकताळा आहे. काका त्याला विचारतात, “नवीन का?” त्याच्या तोंडून फक्त “ह” येतो. ‘हो’ मधला काना आणि मात्रा मागे कुठेतरी पडलेल्या असतात.

या टप्प्यावर त्याच्या पायांना फारसा धोका नाही, हे मी मुद्दाम सांगतो. धाप लागते तोवर माणूस आपोआप थांबतो. धोका येतो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, धाप लागायची थांबते तेव्हा. श्वास आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांत वठणीवर येतं. कंडरांना आणि हाडांना मात्र महिने लागतात. त्यात हाडाची रीत वेगळीच. जास्त भार पडू लागला की शरीर आधी जुनं हाड थोडं कोरून काढतं आणि मग त्या जागी नवं भरतं. आपल्याकडे रस्त्याचं काम निघतं ना, तसंच: खणणं झटपट, बुजवणं सवडीने. कोरायला काही आठवडे, भरायला काही महिने. मधल्या काळात हाड पहिल्यापेक्षा कच्चं असतं आणि नेमक्या त्याच काळात या गृहस्थाला आपण हिंदकेसरी झाल्यासारखं वाटत असतं.

धावताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. याच्या बाबतीत हे दोनशे किलोच्या आसपास जातं. पाच किलोमीटरना पाच हजारांवर पावलं. फुप्फुसांनी होकार दिला, की हा परस्पर अंतर वाढवतो. नडगीला कुणी विचारतच नाही. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असं धावणारे लोक म्हणतात. तो आकडाही काही देववाणी नव्हे, पण याने त्यातले टक्के काढून दहा किलोमीटर ठेवलेले असतात. साताऱ्याच्या हिल हाफचं, यवतेश्वरच्या घाटाचं नाव आता जेवताना निघू लागतं.

“अहो, पाय का ओढताय?”

“लॅक्टिक ॲसिड.”

लॅक्टिक ॲसिड बिचारं धावणं थांबल्यावर तासाभरात निघून गेलेलं असतं. चार दिवसांनी दुखणाऱ्या नडगीचं खापर त्याच्यावर फोडणं हा शुद्ध अन्याय आहे. आधी दुखणं नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पसरलेलं असतं. हा वर मलम चोळतो, खाली आणखी जाड मोजे घालतो आणि रविवारी लाँग रनला जातो. मग दुखणं आक्रसत आक्रसत एका बोटाखाली मावेल एवढ्या जागी येतं. “कमी झालं बघ,” असं तो बायकोला सांगतो. ज्याला यातलं कळतं, तो नेमका इथेच घाबरतो.

डॉक्टर एक्स-रे काढतात. एक्स-रे स्वच्छ! हाडाला बारीक तडा गेला तरी सुरुवातीला एक्स-रेत बहुधा दिसत नाही, हे डॉक्टर सांगत असतात, पण ‘स्वच्छ’ या शब्दानंतरचं याला ऐकू आलेलं नसतं. रविवारी बारा किलोमीटर. सोमवारी एमआरआय. मग आठ आठवडे घरी, पाय स्टुलावर, घड्याळ मनगटावर. चार्ज करून. “रेस्टिंग हार्टरेट 62,” असं तो भेटायला आलेल्या मेहुण्याला सांगतो.

जूनमध्ये फिजिओथेरपिस्ट बाई त्याला पुन्हा धावायला परवानगी देतात: एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. म्हणजे ॲपच्या पहिल्या आठवड्याच्याही अलीकडे. हा निमूट मान डोलावतो. पाळतोही, अगदी सेकंदाबरहुकूम. फक्त चालायची दोन मिनिटं सुरू झाली की तो मोबाइल कानाला लावतो. “हं... हं... पाठवतो ना... नाही, तो सोमवारी येणार...” लोकांना वाटतं, महत्त्वाचा फोन आला म्हणून बिचारा थांबला, नाहीतर थांबणाऱ्यातला नव्हे. लेसपेक्षा ही युक्ती फारच सोयीची. वाकावं लागत नाही.

परवा तळजाईवर तो असाच कुणा जोशींना हप्त्याचं समजावून सांगत होता. समोरून बी विंगवाले मेडलधारी आले. याने आवाज थोडा चढवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि तेवढ्यात कानाला लावलेला फोन खणखणीत वाजला.

बायकोचा होता. येताना कोथिंबीर आणायची होती.

“दुसऱ्या लाइनवर होतो,” तो मेडलधाऱ्यांना म्हणाला, आणि अजून चाळीस सेकंद चालायची शिल्लक असताना पळत सुटला.