निर्मोही माणसाची पाचशेची नोट

मला पैशाचा मोह नाही, हे वडूजमध्ये ज्याला ठाऊक नाही तो माणूस परगावचा समजावा. तेवढी काळजी मी घेतलेली आहे.

तसा आमच्या मुलखात विरक्तीला तोटा नाही. एका अंगाला पुसेगाव, सेवागिरी महाराजांचं. दुसऱ्या अंगाला गोंदवले. ब्रह्मचैतन्य महाराजांनी १९१३ साली तिथं देह ठेवला, आणि आल्या-गेल्याला पोटभर प्रसाद अजून मिळतो. औंधच्या पंतांनी तर स्वतः राजे असून १९३९ साली कारभार रयतेच्या हवाली केला. माझ्याकडं सोडायला राज्य नव्हतं, म्हणून मी भाषणं धरली.

भाषणाचा ठरलेला विषय म्हणजे पुसेगावचा रथ. मार्गशीर्ष सरता सरता तो निघतो आणि भक्त त्याला नोटा लावतात. नोटांच्या माळांनी रथ असा झाकतो की लाकूड शोधावं लागतं. ज्या संन्याशाला पैशाचं काही नव्हतं त्याच्या रथावर सगळी रिझर्व्ह बँक! यावर मी फार छान बोलतो. मग रथ समोर येतो आणि मी पाचशेची नोट काढतो. जागा निवडायला थोडा वेळ लागतो. पाचशेच्या घोळक्यात ती हरवते, दहा-वीसच्या मधोमध लावली की खुलते. एकदा लावून झाल्यावर मोबाईल धरलेला पुतण्या ओरडला, “काका, गांधीजी उलटं आलं!” भक्तीत घाई नसावी. मी नोट काढून पुन्हा लावली.

आमच्या थोरल्या चुलत्यांना, आप्पांना, यातलं काही जमत नाही. ते गलाईवाले. गलाई ऐकली नाही असं घर खटाव, माण, खानापूर, आटपाडीत सापडायचं नाही, पण ती करतात कशी हे विचारलं तर निम्मे लोक गप्प बसतील. मला आप्पांनी दाखवली आहे, त्यामुळं मी सांगणारच. मोडीचं सोनं मुशीत वितळवायचं. त्यात सोन्याच्या तिप्पट चांदी घालायची. इथं नवखा माणूस दचकतो, की शुद्ध करायचं म्हणून उलट भेसळ? पण सोन्याचा वाटा जास्त असला तर तेजाब आत शिरतच नाही. वितळलेला रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडायचे आणि तेजाबात उकळायचे. चांदी विरघळून जाते, सोनं तळाशी बसतं. आणि ते पिवळं नसतं! चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी, मेलेलं दिसतं. अनोळखी माणूस ते मोरीत ओतून देईल. धुऊन, टाकणखार टाकून पुन्हा भट्टीत घातलं की मगच पिवळं होतं. उरलेल्या पाण्यात तांब्याचे पत्रे सोडले की गेलेली चांदीही परत येते. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा गलाईवाला विकत घेतो, जाळतो आणि त्यातून सोनं काढतो. केराला भाव देणारा दुसरा धंदा मला माहीत नाही. माझ्या भाषणांना तोही मिळालेला नाही.

आप्पा मिसरूड फुटायच्या आत मदुराईकडं गेले. अजून फार चिडले की तमिळमधून चिडतात. बाकी वेळ खोकतात. तेजाबाचा पिवळा-तांबडा धूर आयुष्यभर घेतलेली छाती आहे ती.

म्हणून ‘पैसा म्हणजे माती’ असं कुणी व्यासपीठावरून म्हणालं की हल्ली माझं डोकं फिरतं. कुठली माती? आमच्या मातीनं पोटापुरतं पिकवलं असतं तर शाळेच्या वयातली पोरं परमुलखात भट्टीपुढं बसली नसती. त्यांच्या मनीऑर्डरीवर बहिणींची लग्नं झाली, घरांवर पत्रे चढले. मंदिराचा कळससुद्धा बऱ्याच गावांत त्याच पैशाचा. पोस्टमनच्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या बाईला विरक्ती कोण शिकवणार? मी शिकवलेली आहे, माईक लावून. ती ऐकून घ्यायची, कारण सतरंज्या तिच्याच घरच्या होत्या.

आप्पांना मी एकदा विचारलं, “जन्मभर दुसऱ्याचं सोनं हाताखालून गेलं. कधी मोह नाही झाला?”

“झाला की. रोज व्हायचा.”

“मग?”

“मग काय? वजन करून घेतल्यालं, वजन करून द्याचं. घट किती आली त्ये गिऱ्हाइकाला त्वांडावर सांगायचं.”

मी वाट पाहिली. पुढं काहीतरी तुकोबांचं वगैरे येईल असं वाटलं. आप्पांनी तंबाखू मळली.

“तू रथाला कितीची लावलीस म्हनं?”

“पाचशेची.”

“आन् मग चावडीवर दोन हजार कोन सांगतंय?”

गावात लोक काहीही बोलतात, असं म्हणून मी विषय गोंदवल्याकडं वळवला.