गवत स्वस्त, हाक महाग

यवतमाळ शहराला लागून असलेल्या आणि आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखल्या जाणाऱ्या लोहारा या गावाचे भारतीय दंडशास्त्रातील स्थान अभ्यासकांनी अद्याप पुरेसे ओळखलेले नाही. २१ जुलै १९३० रोजी येथील राखीव जंगलात (राखीव म्हणजे सरकारने स्वतःसाठी राखलेले, हा भेद गुरांना कळत नसल्यामुळे तो गुराख्याला समजावून देण्याची जबाबदारी कायद्यावर येते) राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. केशव बळीराम हेडगेवार आणि त्यांच्या तुकडीने परवानगीवाचून गवत कापले, त्यांना अटक झाली आणि न्यायालयाने डॉक्टरांना नऊ महिन्यांची सक्तमजुरी ठोठावून अकोल्याच्या तुरुंगात धाडले. वऱ्हाडाला समुद्र नाही, त्यामुळे मिठाचा कायदा मोडू पाहणाऱ्यांना त्याच वर्षी अकोला जिल्ह्यातील दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरी गाठाव्या लागल्या होत्या. गवत मात्र पाऊस पडला की सरकारला न विचारता सर्वत्र उगवते, आणि म्हणूनच लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै रोजी पुसद येथे जंगल सत्याग्रहाचा प्रारंभ केला, तेव्हा कायदेभंगासाठी लागणारे एकूण भांडवल एका विळ्यात मावले.

डॉक्टरांच्या नऊ महिन्यांची फोड मोठी उद्बोधक आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली, म्हणजे चोरीबद्दल, तीन महिने. आणि कलम ११७ खाली, म्हणजे सर्वसाधारण जनतेला किंवा दहाहून अधिक व्यक्तींना गुन्हा करण्यास प्रवृत्त केल्याबद्दल, सहा महिने. कायद्याच्या भाषेत या प्रवृत्त करण्याला अपप्रेरणा म्हणतात. याचा अर्थ असा की, गवत कापण्याचा जो भाव साम्राज्याने ठरवला होता, त्याच्या नेमका दुप्पट भाव ‘चला, गवत कापू या’ या हाकेचा होता. परकीय सत्तेला गवताची किंमत कळली नसेल, परंतु हाकेची किंमत तिला अचूक कळली होती, हे तिच्या शत्रूंनीही मान्य करावे.

१ जुलै २०२४ पासून हे दरपत्रक बदलले आहे. गुलामगिरीच्या खुणा पुसण्याच्या घोषणेसह दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि तिने या दोन्ही व्यवहारांचे भाव स्वदेशी पद्धतीने नव्याने लावले. चोरी आता कलम ३०३ मध्ये आली असून, चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिचे मूल्य परत केले असेल, तर त्याला तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवेची, म्हणजे समाजोपयोगी काम विनामोबदला करण्याची शिक्षा देण्याची सोय आहे. लोहाऱ्याची पेंढी या सवलतीत सहज बसते, फक्त ती गाईने खाल्लेली नसावी. उलटपक्षी जुने कलम ११७ हे नव्या संहितेत कलम ५७ झाले आहे आणि त्यातील कमाल शिक्षा तीन वर्षांवरून थेट सात वर्षांवर गेली आहे. पूर्वी कैद किंवा दंड असा पर्याय होता, आता कैदेसोबत दंडही जोडलेला आहे. ज्या कलमाने डॉक्टरांना सहा महिने दिले, ते कलम त्यांच्याविषयी नितांत आदर बाळगणाऱ्या सरकारच्या काळात दुपटीहून अधिक कठोर झाले, ही बाब गौरवग्रंथांच्या संपादकांच्या नजरेतून सुटू नये.

गवत कापायचेच नाही, नुसते एकत्र जमायचे आहे, असे म्हणणाऱ्याची स्थिती अधिक आशादायक असेल, अशी समजूत संविधान वाचून होऊ शकते. अनुच्छेद १९(१)(ख) प्रत्येक नागरिकाला शांततेने व शस्त्राविना जमण्याचा हक्क देतो आणि त्याच अनुच्छेदाचा खंड (३) त्या हक्कावर देशाची सार्वभौमता, एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी वाजवी निर्बंध घालू देतो. वाजवी कशाला म्हणायचे, हे अखेर न्यायालय ठरवते. तोपर्यंत ते जिल्हा दंडाधिकारी ठरवतात. त्यासाठी १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील कलम ३७ हे अत्यंत घरगुती साधन उपलब्ध आहे. त्याच्या पोटकलम (३) खाली सभा व मिरवणुकांना बंदी घालता येते, परंतु राज्य शासनाच्या मंजुरीवाचून ती पंधरा दिवसांहून अधिक काळ टिकत नाही. विधिमंडळाने ही मर्यादा नागरिकांच्या रक्षणासाठी घातली होती. व्यवहारात जमावबंदीचा आदेश एकादशीप्रमाणे दर पंधरवड्याला येतो आणि भाविकांना त्याची आठवण करून द्यावी लागत नाही.

पोटकलम (१) तर वाङ्मयीन दृष्ट्याही वाचनीय आहे. तलवारी, भाले व बंदुका यांच्या पंक्तीला तेथे काठ्याही बसवल्या आहेत, त्यामुळे झेंडा हे अभिव्यक्तीचे साधन आणि झेंड्याची काठी हे संभाव्य शस्त्र, असा द्वैतवाद निर्माण होतो. दगड गोळा करणे, प्रतिकृतींचे म्हणजे पुतळ्यांचे प्रदर्शन करणे, जाहीरपणे घोषणा देणे, गाणी गाणे, वाद्ये वाजवणे, आवेशपूर्ण भाषण करणे, एवढेच नव्हे तर हावभाव आणि नकला करणे यांवरही ठरावीक परिस्थितीत बंदी घालता येते. या यादीतून गावच्या तमाशापासून विधानसभेच्या प्रचारसभेपर्यंत काय उरते, हा प्रश्न अद्याप कोणी न्यायालयात नेलेला दिसत नाही. बीड जिल्ह्यातील असा एक आदेश मात्र न्यायालयात गेला. माजलगावच्या जुन्या ईदगाह मैदानावर नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध शांततेने बसू इच्छिणाऱ्यांना या कलमाच्या आधारे परवानगी नाकारण्यात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने १३ फेब्रुवारी २०२० रोजी तो आदेश रद्द ठरवला आणि एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असे स्पष्ट केले. आदेश सर्वांना सारखा लागू असल्याचे दिसत असले तरी त्याचा रोख एकाच आंदोलनाकडे आहे, हेही न्यायालयाच्या ध्यानात आले. आंदोलकाने हा निकाल खिशात ठेवावा, मात्र त्याची गुंडाळी करून हातात धरू नये, कारण तिला लांबून काठीचे रूप येण्याची शक्यता असते.

संख्येचे गणित निराळे आहे. न्याय संहितेच्या कलम १८९ नुसार पाच किंवा अधिक व्यक्तींचे समान उद्दिष्ट त्या कलमात दिलेल्या प्रकारांपैकी असेल, उदाहरणार्थ बळाचा धाक दाखवून लोकसेवकाला रोखण्याचे किंवा कायद्याच्या अंमलाला प्रतिकार करण्याचे, तर तो जमाव बेकायदेशीर ठरतो. चौघे असतील तर ती गप्पागोष्टींची बैठक, पाचवा चहा घेऊन आला की विधिशास्त्र सुरू. खरा धोका पुढच्या कलमात आहे: कलम १९० प्रमाणे अशा जमावातील एकाने समान उद्दिष्टासाठी गुन्हा केला, तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक सदस्य त्या गुन्ह्याचा दोषी मानला जातो. दगड एकाचा, कलम सर्वांचे. म्हणूनच मोर्चात पहिला दगड भिरकावला गेला की शांततेने आलेल्या माणसाने तेथून निघून जाणे आणि आपण निघालो याचा काही पुरावा मागे ठेवणे, हे भित्रेपणाचे लक्षण मानू नये. बहुतेक वेळा मोर्चेकऱ्याच्या नावावर जी कलमे चढतात, त्यांत कलम २२३, म्हणजे लोकसेवकाच्या आदेशाची अवज्ञा, हमखास असते. जुन्या कलम १८८ मध्ये साध्या अवज्ञेला एक महिना कैद किंवा दोनशे रुपये दंड होता. नव्यात सहा महिने किंवा अडीच हजार रुपये आहेत. या ठिकाणी कायद्याने एक चोरवाट नागरिकासाठीही ठेवली आहे, आणि ती फारशी वापरली जात नाही: फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ नुसार ज्या लोकसेवकाचा आदेश मोडला गेला, त्याने, त्याच्या वरिष्ठाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या लोकसेवकाने लेखी तक्रार केल्याखेरीज न्यायालय या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. ठाणेदाराने परस्पर पाठवलेल्या दोषारोपपत्रावर या गुन्ह्याची दखल घेता येत नाही, ही गोष्ट आरोपीला सहसा वकिलाची फी भरल्यानंतर समजते.

मोर्चाच्या सायंकाळी वृत्तपत्रांत ‘आंदोलकांना ताब्यात घेऊन सोडले’ असे जे वाक्य येते, त्यातील ‘ताब्यात’ हा शब्द पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ व ६९ चे लोकभाषेतील रूप होय. पोलिसांच्या वाजवी सूचना पाळणे सर्वांवर बंधनकारक असून, न पाळणाऱ्याला हटवता येते आणि किरकोळ प्रकरणात प्रसंग टळल्यावर सोडून देता येते. ही महाराष्ट्रात मुरलेली पद्धत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ मध्ये आता देशभर पोहोचली आहे, फक्त तेथे चोवीस तासांची मर्यादा आहे. प्रत्यक्ष अटक झाली तर संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे कारण कळण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केले जाण्याचा हक्क आहे; जामीनपात्र गुन्ह्यात जामीन ही ठाणेदाराची मेहेरबानी नसून आरोपीचा हक्क आहे; अपवादात्मक कारण आणि दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी असल्याखेरीज स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये असेही सांगितले की, अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. पोलीस ठाण्यातील मराठी कोणाला समजते, यावर मात्र न्यायालयाने भाष्य केलेले नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात ज्या कलमाचा अभ्यास सर्वाधिक गांभीर्याने व्हायला हवा, ते कलम २२६ होय. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ नव्या संहितेने वगळले, हे सुधारणेचे पाऊल म्हणून गाजले. परंतु लोकसेवकाला त्याचे कर्तव्य करण्यास भाग पाडण्याच्या किंवा त्यापासून रोखण्याच्या हेतूने केलेला आत्महत्येचा प्रयत्न एक वर्षापर्यंतच्या साध्या कैदेस, दंडास किंवा सामुदायिक सेवेस पात्र ठरवण्यात आला. आमरण उपोषणाला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयासमोरील आत्मदहनाच्या प्रयत्नाला हे कलम लावण्याचा मोह कोणत्याही यंत्रणेला होऊ शकतो. ज्या जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी सामूहिक मृत्यू पत्करला आणि त्या तारखेला किसानपुत्र आंदोलनाचे कार्यकर्ते आता दरवर्षी अन्नत्याग करतात, त्या जिल्ह्याला कायद्याने दिलेला हा संदेश नीट समजून घेतला पाहिजे: शेतकऱ्याने आपल्या शेतात, कोणाकडे काहीही न मागता मरणाचा प्रयत्न केला तर तो गुन्हा नाही, मात्र तसे करताना त्याने सरकारकडून एखादे काम होण्याची अपेक्षा धरली, तर तो गुन्हा आहे. निराशा माफ, आशा दंडनीय.

रस्त्याचा प्रश्न तुलनेने लवकर आटोपतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये अहमदाबादच्या हिम्मतलाल शहा प्रकरणात रस्त्यावरील सभांना सरसकट बंदी घालता येणार नाही, फक्त नियमन करता येईल, असे सांगितले. ७ ऑक्टोबर २०२० रोजी शाहीन बाग प्रकरणात सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवता येणार नाही, असेही सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्जमाफीसाठी नागपूर-हैदराबाद महामार्गावर बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी ट्रॅक्टर घेऊन बसले, तेव्हा नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन रस्ता मोकळा करण्याचा आदेश दिला. कर्जाच्या चक्रात अडकलेल्यांची अशी स्वतःहून दखल घेण्याची गती वाहतूककोंडीत अडकलेल्यांच्या तुलनेत किती असते, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

योगायोगाची एक नोंद येथे अपरिहार्य ठरते. बापूजी अण्यांनी पुसदला सत्याग्रह सुरू केला तो १० जुलै. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेने संमत केले तोही १० जुलै, वर्ष २०२५. कडव्या डाव्या संघटनांना आवर घालण्यासाठी आणलेल्या या विधेयकाच्या मसुद्यात बेकायदेशीर कृत्याची जी व्याख्या होती, तीत प्रस्थापित कायद्याची व त्याच्या संस्थांची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणे किंवा तशी शिकवण देणे यांचाही समावेश होता. पुसदच्या सत्याग्रहात याहून वेगळे काय झाले होते, हे सांगणे कठीण आहे. अण्यांना पुढे बिहारचे राज्यपालपद मिळाले, आणि गवत व चराई यांसारखे हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींना दिले, म्हणजे त्या अवज्ञेतील मागणी शहात्तर वर्षांनी काही अंशी तरी कायदा झाली. दरम्यानच्या काळात अवज्ञा करणाऱ्याने नेमके काय करावे, याविषयी कोणतीही संहिता मार्गदर्शन करत नाही.

शेवटचा टप्पा खटले मागे घेण्याचा. राजकीय व सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्यासाठी राज्य शासन वेळोवेळी निर्णय काढते, त्यात जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचे नुकसान पाच लाख रुपयांहून अधिक नसावे, अशा अटी असतात. मग समिती शिफारस करते, सरकारी वकील अर्ज करतो आणि न्यायालयाची संमती मिळाली तरच खटला संपतो. आजी-माजी आमदार, खासदारांच्या खटल्यांना तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानुसार उच्च न्यायालयाची परवानगीही लागते, आणि ती मिळवायला त्यांच्याकडे वेळ व वकील दोन्ही असतात. सतरंज्या उचलणाऱ्या तरुणाकडे यांपैकी काही नसते. त्याचा पासपोर्ट प्रलंबित खटल्यापायी अडू शकतो, चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यावर गुन्ह्याची नोंद उमटते, आणि भरतीच्या अर्जात ती लपवली तर मूळ गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीच अधिक महागात पडते. पोलीस भरती तातडीने काढावी, या मागणीसाठी काढलेल्या मोर्चात दाखल झालेला गुन्हा त्याला ज्या अर्जातील रकान्यात लिहावा लागतो, तो अर्ज पुष्कळदा पोलीस भरतीचाच असतो.