दुबळ्या आम्लाचे सर

प्रत्येक कॉलेजात रसायनशास्त्राचे एक असे सर असतातच. शर्टाला ॲसिडची भोकं, मिशीला खडूची भुकटी आणि आवाज असा, की तिसऱ्या बाकाच्या पुढे पोचत नाही. आमच्या सरांना सगळं जग चार हायड्रोजन हॅलाइडांत मावतं असं वाटे.

"एचएफ, एचसीएल, एचबीआर, एचआय," ते बोटं मोडत सांगायचे. "पाण्यात पडल्यावर हायड्रोजन सोडणारं ते आम्ल. पटकन सोडतं ते तीव्र. आयोडीन अंगानं आडवं, त्याचा बंध लांब नि सैल. फ्लोरीन बारकं, पण पकड घोरपडीची! म्हणून चौघांत एकटं एचएफ तेवढं दुबळं."

तेव्हापासून कॉलेजातला पैलवान 'आयोडीन' झाला आणि सुटे पैसे न सोडणारा कॅन्टीनवाला 'फ्लोरीन'.

प्रयोगाच्या दिवशी सरांच्या अंगात यायचं. मिठावर तीव्र गंधकाम्ल ओतून एचसीएल वायू काढायचा, त्याच्यापाशी अमोनियात बुडवलेली काचकांडी धरायची, की अमोनियम क्लोराइडचा पांढराशुभ्र धूर! सत्यनारायणालाही एवढा होत नसेल. मग कोरडा निळा लिटमस कोरड्या वायूत धरायचे. कागद ढिम्म. ओला केला की लालबुंद. "बघा, पाण्यावाचून आम्लाला कंठ फुटत नाही," असं म्हणून ते शिपायाला चहा आणायला पिटाळत.

कुणी पोटदुखीची सबब सांगितली, तर म्हणत, "जठरात एचसीएल सगळ्यांच्याच असतं. बसा."

एचएफची गोष्ट मात्र ते सावकाश सांगत. "दुबळं म्हणजे गरीब नव्हे. ते काच खातं, म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात. पातळ द्रावण कातडीवर पडलं तर लगेच कळतही नाही. काही तासांनी ठणका लागतो, तोवर ते आत पार हाडातल्या कॅल्शियमपर्यंत जाऊ शकतं."

सहामाहीचा पेपर परत देताना सर मला हळूच म्हणाले, "अक्षर छान आहे हो तुझं." दिवसभर मी फुशारक्या मारत हिंडलो. रात्री जेवताना घास हातातच राहिला: अख्ख्या पेपरात त्यांना छान एवढंच सापडलं होतं!

गणिताच्या सरांनी मारलेल्या छड्या मी केव्हाच विसरलो. हे वाक्य मात्र अजून हाडात आहे.