स्वावलंबनाचा खड्डा

निवृत्त माणसाच्या हाती रिकामा वेळ, फंडाचे पैसे आणि बारा गुंठे वाडी एकाच महिन्यात आली, की आसपासच्यांनी सावध राहावं. मला वेळीच कोणी आवरलं नाही. म्हणून आज आमच्या परसात विहीर आहे, विहिरीवर हातपंप आहे आणि सकाळी त्या पंपाशी जी गर्दी असते ती पाहून नवखा माणूस विचारतो, "इथे रेशन मिळतं का हो?"

अलिबाग ते रेवदंडा हा आमचा अष्टागराचा पट्टा. वर नारळी-पोफळी, खाली वाळू आणि वाडीगणिक एक जुनी विहीर. आमच्याही वाडीत होती. आजोबांच्या मागे वाटण्या झाल्या तेव्हा विहीर चुलत्यांच्या हिश्श्यात गेली आणि आम्हांला तिच्या पाण्यावरचा हक्क मिळाला. तो हक्क सातबाऱ्यावर शाबूत आहे. विहीर मात्र कुंपणापलीकडे आहे आणि तिथे राहतात चुलतभाऊ नाना. नाना भांडकुदळ असते तर सोपं होतं. पण ते प्रेमाने पाणी देणाऱ्यांतले. हक्काचं पाणी मुकाट्याने आणता येतं. प्रेमाचं आणायला गेलं की पोहरा वर येईपर्यंत घराण्याचा इतिहास ऐकावा लागतो, आणि नानांच्या हातात रहाटाची दोरी असली की पोहरा फार सावकाश वर येतो.

एरवी आम्हांला त्यांच्या दारी जायचं कारण नव्हतं. आमची बोअर होती, तिच्यात बुडवलेला पंप होता, बटण दाबलं की गच्चीवरची टाकी भरायची. मग ३ जून २०२० उजाडला आणि निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारपर्यंत निम्म्या पोफळी आडव्या, विजेचे खांब आडवे, शेजाऱ्यांचे पत्रे आमच्या अंगणात आणि आमचे कोणाच्या अंगणात ते अजून कळलेलं नाही. वीज गेली ती काही आठवडे गेली. पायाखाली पाणी, आकाशात पाणी आणि नळाला थेंब नाही, अशा अवस्थेत आख्खी आळी बादल्या घेऊन नानांच्या दारात उभी राहिली. नाना त्या दिवसांत जे सुखावले ते पाहूनच मी ठरवलं, की आपली विहीर हवी. तिला मोटर नको, मीटर नको आणि मुख्य म्हणजे नाना नकोत. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात, म्हणून मी तहान पूर्ण भागू दिली. निश्चय आणि फावडं यांच्यामध्ये दोन-तीन उन्हाळे गेले.

घरात हे सांगताना विनोबांचा आधार घेतला. पेण तालुक्यातलं गागोदे हे त्यांचं जन्मगाव, म्हणजे जिल्ह्याचाच माणूस. पवनारच्या आश्रमात १९५० च्या सुमारास त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला, तेव्हा बैल न जुंपता आश्रमातल्या माणसांनीच रहाट ओढून भाजीच्या मळ्याला पाणी दिलं. सौभाग्यवतीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "विनोबांचं लग्न झालं नव्हतं. रहाट ओढून झाल्यावर 'जरा चहा टाक' असं ते कोणाला म्हणत होते?" याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

मग जागेचा प्रश्न आला. वास्तुशास्त्र सांगतं, पाणी ईशान्येला हवं. पुतण्या डॉक्टर आहे. तो म्हणाला, विहीर आणि शोषखड्डा यांत निदान पन्नास फूट अंतर ठेवा. आमच्या ईशान्य कोपऱ्याला लागूनच शेजाऱ्यांचं शौचालय आहे, त्यामुळे शास्त्र आणि वैद्यक यांत तिथेच जुंपली. शिवाय आमच्याकडच्या वाड्या म्हणजे समुद्राकडे पाय करून पसरलेल्या लांबच लांब पट्ट्या. आमची रुंदी पंचेचाळीस फूट, लांबी विचारू नका. मी नकाशा काढला, आमचा शोषखड्डा आणि दोन्ही बाजूंचे शोषखड्डे यांवर कंपासचं टोक ठेवून पन्नास फुटांची वर्तुळं काढली. तिन्ही वर्तुळांतून सुटलेली घराजवळची एकच जागा उरली, आणि तिथे हिचा मोगरा होता. त्या संध्याकाळी चहा मी टाकला.

खुंटी ठोकली तरी नानांचं समाधान होईना. "पाणाड्या आणल्याशिवाय विहीर?" पाणाड्यांना मी हसत नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचं आख्खं प्रकरण यावर लिहिलं आहे; कोणतं झाड, त्याच्या कोणत्या अंगाला वारूळ, मग किती खोल पाणी, असा त्यात सगळा हिशेब आहे. देशावर, काळ्या पाषाणाच्या मुलखात, जिथे दहा हातांवर एकाची विहीर भरलेली आणि दुसऱ्याची कोरडी ठाक, तिथे माणूस वराहमिहिराला शरण जाणारच. पण समुद्रकाठच्या वाळूत पाणी न लागणारी जागा दाखवली तर मी त्या पाणाड्याला दुप्पट दक्षिणा देईन. आमचे बुवा आले, आमच्याच माडाचा नारळ तळव्यावर आडवा ठेवला, वाडीभर फिरले आणि खुंटीपाशी येताच नारळ ताडकन उभा राहिला. "चौदा फुटांवर गोडं पाणी." नानांच्या विहिरीलाही चौदा फुटांवरच पाणी आहे, आणि ती विहीर बुवांना कुंपणावरून स्वच्छ दिसत होती. दक्षिणा घेऊन बुवा गेले. नारळही घेऊन गेले.

खोदाई वैशाखात सुरू केली. यात शास्त्र आहे: पाण्याची पातळी तेव्हा सगळ्यात खाली असते, त्यामुळे वैशाखात लागलेलं पाणी बारमाही टिकण्याची खात्री जास्त. श्रावणात विहीर खणणारा माणूस खुशीत असतो आणि पुढच्या वैशाखात पुन्हा खणत असतो.

वाळूत खणायची रीतही उलटी. नुसता खड्डा केला तर कडा ढासळून खणणारा आत गाडला जायचा. म्हणून आधी जमिनीवर सिमेंटची रिंग ठेवायची, चार फूट व्यासाची. माणसाने तिच्या पोटात बसून वाळू उपसायची, की रिंग स्वतःच्या वजनाने खाली सरकते. मग तिच्या डोक्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. घर पायापासून वर बांधतात, ही विहीर काठापासून खाली जाते. पहिला फूट मी स्वतः खणला. त्याचे फोटो आहेत. पुढचं काम टोळीने केलं, आणि त्यांच्या मुकादमाने मला फार आदराने खुर्चीवर बसवलं, ती खुर्ची विहिरीपासून बरीच लांब ठेवली.

विहीर खणणं हे कोकणात जाहीर कार्य आहे. आमंत्रण लागत नाही. रिंग वाकडी जाते आहे असं प्रत्येकाला वाटतं, आणि प्रत्येकाला ती वेगळ्या दिशेने वाकडी दिसते. मुकादम ओळंबा सोडून दाखवी, तर ओळंब्याचाच दोरा वाकडा आहे असं एक निवृत्त मास्तर म्हणाले. जवळच्या बांधकामावर फरशी बसवणारा एक बिहारी कारागीर जेवणाच्या सुट्टीत यायचा. हातपंपाला आमच्याकडे चापाकल म्हणतात, तो सांगायचा, आणि एवढं खणत कोण बसतं? बांबूच्या तरफेने पाइप वरखाली आपटायचा, वर बसलेल्याने पाइपच्या तोंडावर तळहात दाबायचा आणि सोडायचा, की तळाचा चिखल पाण्यासकट आपोआप वर येतो. तळहात हाच व्हॉल्व्ह. दिवसभरात पाइप पाण्यात. गंगेच्या गाळात हे खरंच असं चालतं. आमची टोळी मात्र त्या दिवशी नाराज झाली, कारण तिची बोली रोजावर होती.

तेराव्या रिंगेला वाळू ओली झाली, चौदाव्याला पाणी लागलं. नारळ फुटला, पेढे वाटले. आणि मुकादम म्हणाला, "आता मोटर आणा." पाण्यात खणता येत नाही, आणखी चार-पाच फूट खाली जायचं तर लागलेलं पाणी सतत उपसत राहावं लागतं. आमची बोअरची मोटर खाली बुडवलेली, ती इथे निरुपयोगी. उपसा पंप होता एकट्या नानांकडे. तेव्हा विजेवाचून आणि नानांवाचून चालणारी ही विहीर नानांच्या पंपाने, नानांच्या मीटरवर पुरी झाली. नाना काठावर उभे राहून घराण्याचा इतिहास सांगत होते. पंपाचा आवाज मोठा होता, हीच काय ती ईश्वराची दया.

हातपंप घ्यायला दुकानात गेलो. बिडाचा, वाकड्या दांड्याचा, जुन्या पद्धतीचा. दुकानदार म्हणाला, "आहे ना. लाल की हिरवा? रिसॉर्टवाले लालच नेतात, बागेत शोभेला." म्हटलं, मला पाणी काढायचंय. त्याने हातातली पावती खाली ठेवली आणि आतून वडिलांना बोलावलं.

या पंपाची गंमत अशी की तो पाणी ओढतच नाही. तो पाइपातली हवा काढून घेतो. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. ती ते जास्तीत जास्त १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट ढकलू शकते, मग पंप कितीही दणकट असो. पंपाला अठरा हातांपलीकडे पाणी चढत नाही, याची नोंद गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथात आहे, आणि का चढत नाही ते त्याच्या शिष्याने, टॉरिचेल्लीने, पाऱ्याच्या नळीने दाखवलं. व्यवहारात बावीस-पंचवीस फुटांवर दम संपतो. आमचे चौदा फूट अगदी आरामात बसतात. हे सगळं नानांना समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे काम हवा करते?" हो. "मग तू कशाला दांडा हलवतोस?"

विहिरीवर सिमेंटची झाकणी टाकली, सांडपाण्याला ओटा आणि नाली केली, आत टीसीएल पावडर टाकून पाणी उपसलं, आणि उद्घाटनाला सगळी आळी जमली. मी दांडा हाणला. खॅक-खॅक असा कोरडा आवाज आला. पंपातला चामड्याचा वॉशर सुकलेला असला की हवा धरत नाही; आधी वरून पाणी ओतून तो भिजवावा लागतो. पाण्यासाठी पंप आणि पंपासाठी पाणी. घरच्या टाकीत खडखडाट होता, कारण वीज गेली होती. नानांनी काही न बोलता कुंपणावरून तांब्या पुढे केला. त्यांच्या काही न बोलण्याला मी त्या दिवशी प्रथमच घाबरलो.

पाणी गोडं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे क्लोराइड २५० मिलिग्रॅमच्या आत असावं असं भारतीय मानक सांगतं, आमचं त्याच्या आत आहे. उकळूनच पितो, ते सोडा. वाडीपलीकडच्या एका रिसॉर्टने पोहण्याच्या तलावासाठी मोठी मोटर लावली आणि त्यांच्या चहाला मीठ लागू लागलं, ते याच वाळूत. इथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याचा एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं, असा घायबेन आणि हर्झबर्ग यांचा ठोकताळा आहे. म्हणजे वरचा एक फूट मोटरने झटक्यात उपसला तर खालून खारं पाणी चढायला लागतं. हाताने दांडा मारणाऱ्या माणसाकडून मुळात एवढं उपसलंच जात नाही. समुद्रकाठी हातपंपासारखा संयमी पंप नाही, आणि संयमाचं श्रेय पूर्णपणे खांद्याच्या दुखण्याला आहे.

आता गर्दीविषयी. वीज जाते तेव्हा आळी येते, हे ठीक. पण वीज असतानाही येते. मुलांना दांड्याला लोंबकळायला आवडतं, बायकांना ओट्यावर बोलायला आवडतं, आणि मास्तर रोज व्यायाम म्हणून शंभर दांडे मारतात, ते पाणी नालीतून मोगऱ्याला जातं. मोगरा दुसरीकडे लावला आहे, हिचा राग जवळपास गेला आहे. नाना तर पहाटेच येतात. त्यांना आता विहिरीचा रहाट ओढवत नाही. माझ्या ओट्यावर बसून ते इतिहास सांगतात आणि दांडा मी मारतो.

घरगुती पंपावर इतके हात पडले की काय होतं, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. साठ-सत्तरच्या दशकांत खेडोपाडी बोअर खणल्या गेल्या, तेव्हा सुरुवातीला बसवलेले बिडाचे पंप परदेशी शेतघरांच्या पंपांच्या नकला होत्या. एका कुटुंबापुरते बनवलेले ते पंप गावं दिवसभर हापसू लागली आणि भराभर मोडले. त्यावर जालन्यात आणि सोलापुरात दणकट पोलादी पंप घडवले गेले, त्यांतून पुढे युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू झाला, आणि तो आशिया-आफ्रिकेत पोचला. शाळेबाहेर दिसतो तो हाच. त्याचा सिलिंडर खाली पाण्यात असतो, म्हणून त्याला चौतीस फुटांची अट नाही. आमच्या चौदा फुटांना तो घ्यायची गरज नव्हती, आणि कुटुंब तर आमचं दोघांचंच.

तेव्हा आमचा वॉशर सारखा झिजतो. साडेतीन इंची, चामड्याचा, वाटीच्या आकाराचा. अलिबागेत हल्ली मिळत नाही. रबरी देतात, तो पंधरवड्यात फाटतो. कोणाच्या गावच्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानात पडून असेल तर कृपा करून घेऊन ठेवा, दोन-चार जास्तच घ्या, पैसे रोख देईन. आणि येणार असाल तर पहाटे येऊ नका, तेव्हा नाना असतात.