नळ आले!

माणसाची भंबेरी कशी उडवावी, याचं शास्त्र आमच्या छत्रपती संभाजीनगरापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर डोंगरात कोरून ठेवलंय. देवगिरी किल्ल्याची अंधारी बघा. खंदक ओलांडून आलेला शत्रू त्या काळ्याकुट्ट भुयारात शिरला की वळणं संपत नाहीत, पायऱ्या एकीसारखी दुसरी नाही, आणि उजेड दिसला म्हणून धावावं तर थेट खंदकात. गाइड हे सांगता सांगता उजेड विझवतो. लगेच सहलीतलं कुणीतरी किंचाळतं आणि कुणीतरी कुणाच्या तरी पायावर पाय देतं. शत्रूची गरजच उरत नाही.

पण गंमत अशी, की इतिहासात गाजली ती गडावरच्यांचीच तारांबळ. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. गडाचा राजा रामदेवराय, त्याचं मुख्य सैन्य राजपुत्राबरोबर बाहेर. धावपळीत गडावर पोती चढवली, आणि वेढा पडल्यावर उघडली तर धान्याऐवजी मीठ, अशी हकिकत जुने इतिहासकार देतात. पुढे 1327 च्या सुमारास महंमद तुघलकानं अख्खी राजधानी दिल्लीहून इथं हलवली आणि काही वर्षांत परतही नेली. जग त्याला वेडा म्हणतं. ज्यानं एकदा तरी तीन खोल्यांचं बिऱ्हाड हलवलंय, त्यानं निदान म्हणू नये.

मलिक अंबर त्यामानानं शांत डोक्याचा. 1610 मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं आमचं शहर. जमिनीत झिरपणारं पाणी गोळा करून त्यानं नहरीतून गावात आणलं. वीज नाही, पंप नाही, नुसता उतार.

आता पैठणचा नाथसागर तुडुंब भरलेला असतो आणि आमचे नळ चांगला काही दिवसांचा गॅप घेऊन येतात. तेही भलत्या वेळी. भर पहाटे गल्लीच्या टोकाकडून हाक येते, "काकू, नळ आले!" की अख्खी गल्ली उठते. काका पाइप ओढतात, तो स्कूटरच्या चाकाखाली. स्कूटरची किल्ली काल घातलेल्या पँटमध्ये. पँट भिजत घातलेली. काकू तोवर ड्रममधलं शिळं पाणी अंगणात ओततात, कारण ताजं आल्यावर शिळं कोण ठेवतं! आजोबा चहा मागतात. थोरला आयुष्यात पहिल्यांदा लवकर अंघोळीला बसतो. मोटारीचं बटण दाबलं जातं आणि लाइन जाते.

"ओतलंस का सगळं?" काका विचारतात.

"तुम्हीच म्हणालात ना, नळ आले म्हणून?"

"मी नाही, शेजारचे भाऊ म्हणाले!"

मिठाची पोती कुणी चढवली, यावर गडावरही असंच संभाषण झालं असणार. लाइन येते तेव्हा नळ गेलेले असतात. मग भाऊंकडून दोन बादल्या. त्या देताना भाऊ राजकीय विश्लेषणही देतात, तेवढं ऐकावं लागतं.

तुम्ही आमच्याकडे जरूर या. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, हे लेणी बघणाऱ्यांना पाठच असतं. आमच्या नळाचा वार मात्र आधी फोन करून विचारा आणि तो टाळून या. टाळता नाहीच आला, तर चहापाण्याची वाट न बघता सरळ ड्रम धरायला लागा.