सोंग-ढोंग प्रवेशिका (रास अल खोर केंद्र)

पात्रता: मुलाखतीला जाताना एकदा तरी उसना कोट चढवलेला कोणीही. शुल्क नाही, कारण पहिला वर्ग पक्षी अभयारण्यात भरतो आणि तिथे प्रवेश फुकट आहे.

धडा पहिला: लपणे. दुबईची खाडी शहरात शिरून जिथे पूर्वी संपायची, तिथे सुमारे सहा चौरस किलोमीटरचे हे रास अल खोरचे पाणथळ आहे. 2007 पासून रामसर यादीत. मागे बुर्ज खलिफा, कडेला गाड्यांची घरघर आणि मधल्या चिखलात चोच उलटी खुपसून चरणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. हिवाळ्यात या. आडोशात शिरा, दुर्बिणीला डोळा लावा, गप्प बसा. समोरच्याला तुम्ही तिथे नाहीच असे भासवलेत आणि त्याचे काही लुबाडले नाहीत. उत्तीर्ण! 'भासवणे' एवढ्यावर सहसा कोणी आत जात नाही. फिर्यादीत त्याचे 'भासवून' झाले, की पुढे 'रोख रक्कम व दागिने' आलेच म्हणून समजा.

धडा दुसरा: नटणे. रोहिताचा गुलाबी रंग शेवाळ आणि बारीक कवचधारी जिवांतून येतो. पिल्लू करडेच असते. पण स्पेनमधल्या अभ्यासकांनी याच जातीची एक गंमत टिपली आहे. शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते, तिच्यात हे रंगद्रव्य उतरते. पक्षी गाल तिच्यावर घासतो आणि मग मान, छाती, पाठ रंगवत बसतो. जोडी जमवण्याच्या दिवसांत हा उद्योग जोरात. विणीला लागले की ढिला, आणि रंगही फिका. (घरोघरी मातीच्या चुली.) हे ढोंग म्हणावे का? रंग त्याचा, तेल त्याचे. नटणेच म्हणू.

धडा तिसरा: रंगसफेदी. याच रास अल खोरच्या औद्योगिक भागात जुन्या गाड्यांचा मोठा बाजार आहे. जगातल्या अशा कुठल्याही बाजारात शिकायचे ते इथेही शिका. दारावर रंगाची जाडी मोजायचे यंत्र टेकवा. बाकीच्या पत्र्यापेक्षा आकडा फार जास्त आला तर खाली लांबी भरलेली असू शकते. गाडीचे मीटर कमी किलोमीटर दाखवत असेल तर आधी ब्रेकच्या पेडलचे रबर पाहा. नवा रंग दिला हा गुन्हा नव्हे. 'कंपनीचाच रंग आहे, साहेब' म्हणून पैसे घेतले, की फसवणूक. मात्र गाडीला तोतया म्हणू नका. आपल्या कायद्यात तोतयेगिरी फक्त माणसाच्या नावावर होते.

धडा चौथा, आणि खरा अवघड: तोतया. जुन्या दंड संहितेचे कलम 416, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचे 319. आपण दुसरेच कोणी आहोत असे सांगून ठकवणे, किंवा एकाच्या जागी जाणूनबुजून दुसरा बसवणे. परीक्षेतला डमी उमेदवार इथे मोडतो. ज्याचे सोंग घेतले तो माणूस जगात नसला तरी चालते, मेलेला असला तरी चालते. मराठी माणसाला हे शिकवायला नको. पानिपतावर 1761 साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक कनोजी ब्राह्मण उभा राहिला, किल्ले त्याच्या हाती गेले, फौज जमली. शेवटी 1776 मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. आता शिक्षा पाच वर्षांपर्यंत, पूर्वीच्या संहितेत तीन.

धडा पाचवा: वर्दी. इथे नवखे हमखास नापास होतात, कारण पैसे घेतले नाहीत तरी गुन्हा होतो. आपण सरकारी नोकर आहोत असे लोकांना वाटावे म्हणून तसा पेहराव केला, एवढे पुरे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. दंड पूर्वी 200 रुपयांपर्यंत होता, आता 5000.

मग आपला बहुरूपी? तो फौजदार होऊन दारात येतो, 'चला ठाण्यात, वॉरंट आहे' म्हणून दरडावतो, पोरे आईच्या मागे दडतात. पण त्याची मिशी एका बाजूने सुटलेली असते, आणि बक्षिसी मिळते ती ओळखला गेल्यावर. त्याच्यावर खटला भरणाऱ्याची मला कीव येईल. तरी गृहपाठ म्हणून हा प्रयोग दुबईत करू नका. तिथेही सरकारी अधिकाऱ्याची बतावणी हा गुन्हा आहे, आणि मिशी पाहून हसणारा शेजारी भेटेलच असे नाही.

तोंडी परीक्षा: व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस म्हणतो, 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, खोलीबाहेर जाऊ नका, पैसे भरा.' आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. तेव्हा त्याला उभे राहायला सांगा. गणवेश कमरेखालीही आहे का बघा, आणि असला तरी फोन ठेवून 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा.